भोपळामृत आणि अक्कांचं भिंग

आमच्या घरमालकीणबाई बिस्किटाचा पुडा खाण्याआधी वाचायच्या. नाव आणि किंमत बघायच्या असं नव्हे, वाचायच्या. पुढून, मागून, कडेनं, आणि पुडा जिथं दुमडून चिकटवलेला असतो तिथली झाकलेली ओळसुद्धा नखानं उचकटून. कोपऱ्यावरचा दुकानदार त्यांना पायरी चढताना बघूनच स्टूल बाहेर काढायचा.

"या अक्का. आज काय वाचणार?"

हे तो चेष्टेनं विचारायचा. अक्का सरळ उत्तर द्यायच्या, "आज शेवया वाचतो."

आमच्या कोल्हापुरात बायकाही 'मी जातो, मी खातो' म्हणतात. बाहेरचा माणूस पहिल्यांदा दचकतो. मग अक्कांसारख्या एखादीचा आवाज ऐकला की पुन्हा दचकत नाही.

त्यांच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात अडकवलेलं एक भिंग असायचं. यजमानांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. यजमान गेले, दुकान गेलं, भिंग राहिलं. ते डोळ्याला लावलं की अक्कांचा एक डोळा पेरूएवढा दिसायचा आणि त्या डोळ्यापुढं भलेभले मसालेवाले उघडे पडायचे. लहानपणी बस्तीत, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरात, मुनिमहाराजांसमोर त्यांनी नेम घेतला होता: जीव मारून केलेलं काही तोंडात घालायचं नाही. सूर्य मावळायच्या आत जेवण, पाणी गाळून, कांदा-बटाटा वर्ज्य, हे तर घरचंच होतं. पण हल्लीच्या दिवसांत नेम पाळायचा तर वाचावं लागतं, हे त्यांनी ओळखलं होतं. खोकल्याच्या औषधात मध सापडला म्हणून तीन आठवडे खोकत राहिलेली ही बाई.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "मोठं अक्षर इकणाऱ्याचं असतंय. बारीक अक्षर खाणाऱ्याचं. आपण खाणारं. आपण आपलं वाचावं."

आणि असल्या बाईच्या माडीवर भाड्यानं राहणारा मी कोण? तर छापखान्यात कॉम्प्युटरवर बसून लेबलं करणारा. चटणी, पापड, काकवी, दंतमंजन. अक्का जे वाचायच्या ते मी लिहायचो. देवानं वरचा आणि खालचा मजला विचार करूनच दिला असणार.

खोली घ्यायला गेलो तेव्हा भाडेकरार मीच ऑफिसात टाईप करून नेला होता. शहाण्यासारखा. अक्कांनी तो पाऊण तास वाचला. मी समोर बसून पंख्याची पाती मोजली. मग भिंग एका ओळीवर थांबलं.

"तुझ्याकडं बैल हाय?"

"न्हाय अक्का."

"म्हस?"

"न्हाय."

"मग 'मागील परड्यात जनावरे बांधणार नाही' असं का लिवलंस? मला परडंबी न्हाय."

मी सांगितलं, आधीच्या कुणाच्या तरी करारावर नावं बदलून हा केलाय, ती ओळ तशीच राहिली. आमच्या धंद्यात असंच चालतं. जुनी फाईल उघडायची, वरचं नाव बदलायचं, खालचं राहू द्यायचं.

अक्कांनी भिंग खाली सोडलं. "म्हंजे तू न वाचता छापतोस."

पहिल्याच दिवशी माझं सगळं चरित्र त्यांनी एका वाक्यात सांगून टाकलं होतं. मी ते मनावर घेतलं असतं तर हे सगळं लिहायची वेळ आली नसती.

तरी आमचं बरं जमलं. मी बाहेर मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा ओरपून यायचो, हे त्यांना वासावरून कळायचं. "तुझं पोट तुझं, माझी माडी माझी," एवढाच तोंडी करार होता. दिवसातून तीनदा त्या माझा नळ गळतोय का बघायला जिना चढून यायच्या. दिवसाला आठ-दहा कप चहा प्यायच्या आणि त्यातले दोन मला पाजायच्या. आणि दर रविवारी दुपारी नेसरीला, थोरल्या भावाला फोन करून भांडायच्या.

ते भांडण मला पाठ झालं होतं.

"अण्णा, ये की कोल्हापूरला."

पलीकडून काहीतरी यायचं.

"रानात काम, रानात काम! रान काय पळून जातंय? ... मी कशी येऊ? माझं गुडघं!"

आठ वर्षं दोघांनी एकमेकांचं तोंड बघितलं नव्हतं. नेसरी काही विलायत नव्हे. एस.टी.त बसलं की कागल, निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज आणि नेसरी. तीन तासांत माणूस दारात. अण्णा सांगायचे, नेसरीत लोक बोलतात, शहरात घर झालं, आता बहिणीला माहेर कशाला लागतंय. ते ऐकून अक्का फोन ठेवायच्या आणि तडक माझा नळ बघायला जिना चढून यायच्या. गुडघे त्यांचे माझ्यापेक्षा बरे होते. मग अडत होतं कुठं? मी विचारलं नाही. मी वाचणाऱ्यातला नव्हतोच.

त्या सुमाराला माझा बिद्रीचा आतेभाऊ एक भलीमोठी बरणी घेऊन आला. आत हिरवट-तपकिरी, चकचकीत कॅप्सूल.

"भोपळ्याच्या बियांचं तेल," तो म्हणाला. "तांबड्या भोपळ्याच्या. आपण बिया उकिरड्यावर टाकतोय आणि बाहेरच्या देशात लोक रोज खात्यात. बाटल्या मी आणतो, लेबल तू कर. छापखाना तुझाच हाय न्हवं?"

छापखाना माझा नव्हता. पण कुणी तसं म्हटलं की मला बरं वाटायचं. शिवाय माझे केस त्या वर्षी मला सोडून चालले होते, आणि आतेभावाच्या म्हणण्याप्रमाणे हे तेल केसांनाही लागू पडत होतं.

नाव ठेवलं 'भोपळामृत'. एका काढेवाल्याची जुनी फाईल उघडली, वरचं नाव बदललं. फायदे टाईप करायला घेतले तेव्हा आतेभाऊ फोनवर होता.

"केस. लिवलंस? म्हाताऱ्या माणसांची प्रोस्टेटची तक्रार. वारंवार लघवी. हृदय. झोप. आणि जागा हाय?"

"दोन ओळी शिल्लक आहेत."

"मग स्मरणशक्ती टाक."

"आणि खालच्या ओळीत?"

"चेहऱ्यावर तेज."

असे ते फायदे ठरले. अगदीच आंधळेपणानं नाही म्हणा. मी इंटरनेटवर थोडं वाचलं होतं. लघवीच्या तक्रारीवर, मूत्राशयाच्या घाईवर, टकलावर काही ठिकाणी या तेलाचे प्रयोग झालेत, काही लोकांना थोडंफार बरं वाटलं, असं लोक लिहीत होते. आणि प्रत्येक ठिकाणी शेवटी एक वाक्य होतं: अजून अभ्यास व्हायला हवा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. ते वाक्य लेबलात मावत नव्हतं. चेहऱ्यावरचं तेज बरोबर मावलं.

पहिली बाटली मी अक्कांनाच दाखवायला नेली. विकायला नव्हे, कौतुकाला. लहान पोर चित्र दाखवायला नेतं तसं.

अक्कांनी भिंग लावलं. पेरूएवढा डोळा ओळीवरून सरकू लागला.

"केस," त्या म्हणाल्या, आणि माझ्या डोक्याकडं बघून पुढं सरकल्या. "हे कोण म्हणतंय?"

"संशोधन."

"कुणाचं?"

"लोकांचं."

"लोक कायबी म्हणत्यात." भिंग खाली सरकलं आणि थांबलं. बराच वेळ थांबलं. मी वाकून बघितलं. 'वारंवार लघवी' या ओळीवर होतं.

आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी काहीतरी वाचलं. लेबल नव्हे, अक्कांना. बस्तीत प्रवचनाला त्या नेहमी दाराशी का बसायच्या. कागलच्या लग्नाचं आमंत्रण आलं तेव्हा नवरा कोण हे न विचारता "तिथं सोय हाय काय?" असं का विचारलं होतं. लग्नाला शेवटी का गेल्या नाहीत. आणि तीन तासांची एस.टी. म्हणजे त्यांच्यासाठी काय होतं. गुडघ्यांचा या प्रकरणाशी काही संबंध नव्हता.

"अक्का..."

"गप," त्या म्हणाल्या. भिंग झर्रकन लेबलाच्या कोपऱ्यात गेलं, जिथं शाकाहाराचा हिरवा ठिपका होता. "हिरवा ठिपका हाय न्हवं? बस्स. ठेव इथं. आणि चहा वर्ज्य असं लिवलंय ते खरं?"

ते काढेवाल्याच्या फाईलमधलं पथ्य होतं, तसंच राहिलेलं. आता मी काय सांगणार?

"खरंच की," म्हणालो.

दुसऱ्या दिवसापासून घरातला चहा बंद झाला. माझे दोन कपही गेले.

महिन्याभरानं अक्का बस्तीतून आल्या त्या जिना दणदण वाजवत वर आल्या. नळाकडं बघितलंसुद्धा नाही.

"अख्खं प्रवचन बसलो. मधी एकदाबी उठलो न्हाय."

"वा!"

"वा काय? पुढल्या रविवारी नेसरीला जातो. तू संगट चल, गाडीत बॅग वर ठेवायला माणूस पायजे." आणि जिन्यात थांबून, पाठमोऱ्याच म्हणाल्या, "तुझ्या गोळीनं गुण आला बघ, लेका."

मी तरंगत होतो. त्या आठवड्यात मी आरशात बघून केसांनाही शाबासकी दिली. खरं तर केसांनी काहीच केलं नव्हतं.

गुरुवारी छापखान्यात दुसऱ्याच एका औषधवाल्याचं काम आलं. मजकुरात एक ओळ होती: 'कॅप्सूलचे कवच: जिलेटिन.' आणि सवयीनं मी टाकलेल्या हिरव्या ठिपक्यावर मालकांनी लाल पेनानं भली मोठी फुली मारली होती.

"मालक, यात काय चुकलं?"

"जिलेटिन हाय. हिरवा ठिपका कसा चालंल?"

"जिलेटिन म्हणजे काय?"

मालकांनी चष्म्यावरून बघितलं. "इतकी वर्षं लेबलं करालाईस आणि हे ठाऊक न्हाय? जनावराची हाडं, कातडी उकळून करत्यात. बहुतेक कॅप्सुलींचं कवच त्याचंच असतंय."

मी रजा सांगितली की नाही आठवत नाही. घरी आलो. आतेभावाच्या बरणीत मी आता कपड्याचा साबण ठेवत होतो. तिच्या बुडाशी इंग्रजी चिठ्ठी होती, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांची. मी ती आयुष्यात पहिल्यांदा वाचली. भोपळ्याच्या बियांचं तेल. स्वल्पविराम. जिलेटिन.

हिरवा ठिपका त्या चिठ्ठीवर कुठंच नव्हता. तो माझा होता. काढ्याच्या फाईलमधून आला आणि राहिला. आणि साठ-पासष्ट वर्षं नेम पाळलेल्या बाईनं त्या ठिपक्यावर विश्वास ठेवला, कारण तो वरच्या माडीवरच्या पोरानं छापला होता.

सांगितलं तर गोळ्या बंद. गोळ्या बंद म्हणजे नेसरी बंद. पिशवी तर त्यांनी आत्तापासूनच कॉटवर भरून ठेवली होती. नाही सांगितलं तर रोज सकाळ-संध्याकाळ मी त्यांचा नेम मोडत राहणार. धाडसी माणसानं सरळ सांगितलं असतं. मी सुई आणली.

होय, सुई. शुक्रवारी दुपारभर मी एकेक कॅप्सूल टोचून तेल वाटीत पिळलं. तेल काळपट हिरवं, आणि बेट्याला दिशा कसली ती नाही. अर्धं वाटीत, अर्धं शर्टावर. कवचं कागदात गुंडाळून लपवली. म्हटलं, आजपासून नुसतं तेल द्यावं. निदान इथून पुढं तरी पाप नाही. मागचं मागं. याला मी तोडगा समजत होतो.

पाच वाजता अक्का सूर्यास्ताआधीचं जेवण आटपून बसल्या होत्या. मी चमचा पुढं केला.

"हे काय?"

"तेच. पातळ जास्त लागू पडतंय म्हणून."

अक्कांनी चमच्याकडं बघितलं. मग माझ्या शर्टाकडं. मग गळ्यातलं भिंग उचललं.

"बाटली आण बघू."

"तीच आहे, अक्का. तेच लेबल."

"आण. काल गोळी हुती, आज तेल हाय. बदललं म्हंजे कायतरी लिवलं असणार."

बाटली आणायला उठलो. मग परत खाली बसलो आणि सगळं सांगितलं. ठिपका, फाईल, बरणी, सुई. स्मरणशक्तीची रिकामी ओळसुद्धा सांगून टाकली. एकदा उलटी झाली की सगळंच पडतं.

अक्का उठून मोरीत गेल्या. चुळा भरल्याचा आवाज आला. एक, दोन, तीन... किती तरी. बाहेर आल्या, पदरानं तोंड पुसलं.

"किती खाल्लो मी?"

"रोजच्या दोन. महिनाभर."

"साठ." त्यांनी चमचा दूर सारला. "साठ दिवस गोड सोडलं. माझं मी बघतो. न कळत झालंय, त्याचं प्रायश्चित्त असतंय. तुझं काय?"

"अक्का, मलाही कळलं नव्हतं."

"कळलं नव्हतं, का वाचलं नव्हतंस?"

आजही मला कुणी 'कळलं नाही' म्हणालं की तोच प्रश्न आठवतो.

मग त्यांनी कॉटवरची पिशवी उचलली आणि माळ्यावर ठेवली. टाचा उंचावून. त्यांनी मला माडीवरून हाकलून दिलं असतं तर मला इतकं लागलं नसतं.

"नेसरी?" मी विचारलं.

"आणि किती जणांना इकलीस असली बाटली?"

"दहा."

"उद्या रिक्षा सांग. दहा घरं. प्रत्येकाच्या दारात हुबा राहून बारीक अक्षरं मोठ्यानं वाचायची. मी संगट येतो. तू वाचतोस का गिळतोस, ते मला बघायचंय."

"अक्का, मी एकटा जातो ना. तुम्हाला रिक्षात एवढा वेळ..." मी जीभ चावली.

"माझं मी बघतो म्हटलं न्हवं?"

शनिवारी निघालो. पहिलं घर एका निवृत्त ट्रकड्रायव्हरचं. मंगळवार पेठेत दारातच खुर्ची टाकून बसलेले. मी चिठ्ठी काढून वाचली: कवच जिलेटिनचं, जिलेटिन जनावराच्या हाडाकातड्याचं, माझी चूक झाली, पैसे परत घ्या.

"हाडाचं?" ते म्हणाले. "मग पांढऱ्या रश्श्यात काय असतंय, पावणं? पैसं ठेवा. आणि दोन बाटल्या हायत काय?"

मी आशेनं अक्कांकडं बघितलं. अक्का रिक्षातूनच ओरडल्या, "फुडचं वाच!"

"आणि... स्मरणशक्तीचं खरं नाही. ती ओळ रिकामी होती म्हणून टाकलं."

"तेज?" अक्का.

"चेहऱ्यावरचं तेजही नाही. बाकीच्याचं अजून नक्की नाही. लघवीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरला दाखवा. नुसत्या गोळीवर बसू नका."

ड्रायव्हरकाका गंभीर झाले. "हे आधी सांगायचं की राव. मी त्याच्यासाठीच घेतलती. डॉक्टरकडं जायला नको म्हणून." ते उठले आणि आत वळून हाक मारली, "अगं, माझी पँट कुठं हाय?"

ते मात्र माझ्या काळजात रुतलं. मी एक ओळ अर्धवट माहितीवर छापली होती, आणि हा माणूस त्या ओळीच्या भरवशावर दवाखाना चुकवत बसला होता.

दुसऱ्या घरी शिव्या मिळाल्या. तिसऱ्या घरी एका मास्तरांनी माझ्याच केसांकडं बोट करून हसून घेतलं. चौथं घर राजारामपुरीत, पापडवाल्या वहिनींचं. त्यांचं पापडाचं लेबल मीच करायचो. मी वाचायला सुरुवात केली आणि मागून रिक्षाचं दार आपटलं. अक्का उतरल्या होत्या. चेहरा पांढरा पडलेला. दोन्ही हातांनी भिंग घट्ट धरलेलं.

मला कळलं. आणि मला हेही कळलं, की आता त्या 'मला बरं वाटत न्हाय' म्हणतील, आम्ही घरी जाऊ, आणि ती पिशवी माळ्यावरून पुन्हा कधी उतरणार नाही.

अक्का दारात येऊन उभ्या राहिल्या. ह्या पोराला सकाळपासून दारोदार बारीक अक्षरं वाचायला लावतोय आणि आपली ओळ मात्र झाकून ठेवतोय, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं असावं.

"बाई," त्या म्हणाल्या, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, "तुमची मोरी कुठं हाय? मला लघवी दम धरत न्हाय. आठ वर्षं झाली. ह्यापायी मी माहेरला गेलो न्हाय."

वहिनींनी अक्कांचा हात धरून त्यांना आत नेलं. मी दारात, हातात चिठ्ठी. आतून पहिल्यांदा पाण्याचा आवाज आला, मग बराच वेळ दोन बायकांचा, आणि मग हसण्याचा.

बाहेर आल्यावर वहिनी मला म्हणाल्या, "मला पण होतं की हे, धाकट्याच्या वेळेपासनं. आमची डॉक्टरीण चांगली आहे. सोमवारी मी नेते अक्कांना. आणि तुम्ही माझ्या पापडाचं लेबल एकदा नीट वाचून द्या."

उरलेली सहा घरं अक्कांनी पुरी केली. एक सोडलं नाही. आतेभावाचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, "तू धंदा बुडीवलास." मी म्हटलं, "फक्त वाचून दाखवला." त्यानंतर दिवाळीपर्यंत आमचं बोलणं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासली, साखर तपासली, आणि विचारलं, "चहा किती घेता?"

"आता घेत न्हाय. आधी आठ-धा कप. ह्याच्या लेबलावर वर्ज्य लिवलंय."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं.

"मग गुण बहुतेक चहा सुटल्याचाच," त्या म्हणाल्या. "थोडा तेलाचाही असेल, नाही म्हणायला माझ्याकडं पुरावा नाही, हो म्हणायलाही पुरेसा नाही. तेल घ्यायचंच तर घाण्यावर काढलेलं, जेवणात, चवीसाठी घ्या. औषध म्हणून त्याच्यावर विसंबू नका. मी व्यायाम सांगते तो करा."

व्यायाम म्हणजे खालचे स्नायू आवळून धरायचे आणि सोडायचे. बसल्या जागी, कुणाला न कळता. बाहेर पडताना अक्का खूश होत्या. "ही बाई बारीक अक्षरात बोलती," म्हणाल्या. हा त्यांचा सर्वोच्च किताब होता. रिक्षात मधेच एकदम म्हणाल्या, "मी आत्ता करालोय, व्यायाम. कळालं काय तुला?"

"न्हाय अक्का."

"मग बरोबर हाय."

साठ दिवस गोड बंद होतं, तेवढे दिवस त्यांनी व्यायामही केला. शेवटच्या दिवशी गुळाचा एवढासा खडा तोंडात टाकला आणि मला म्हणाल्या, "माळ्यावरची पिशवी काढ."

नेसरीच्या गाडीत आम्ही खिडकीशी बसलो. कागल सुखात गेलं. निपाणी स्टँडात गाडी दोन मिनिटं थांबली आणि कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घातला. अक्का उभ्या राहिल्या.

"पावणं, थांबा. मला लघवीला जायचंय."

सगळी गाडी वळली. पूर्वीचा मी असतो तर सीटखाली शिरलो असतो.

"आज्जी, दोन मिनिटात या. गाडी आधीच लेट हाय."

"दोन मिनिटात तू येशील. मला धा लागतील. लेट हाय तर लेट हाय म्हणून सांग."

त्या उतरल्या. त्यांच्यामागं पुढच्या बाकावरची एक बाई उठली. मग तिची सून. मग डोक्यावर पदर घेतलेल्या दोघी. मग कॉलेजची पिशवी घेतलेली एक पोरगी. कंडक्टरनं दोरी सोडली, गाडीकडं बघितलं आणि ड्रायव्हरला म्हणाला, "बंद कर इंजिन. मीबी जाऊन येतो."

नेसरीत अण्णा अंगणात बसले होते. वाळलेल्या काटकीसारखे, ताठ. अक्कांना बघून उठले.

"तंगी," म्हणाले. सगळं कोल्हापूर ज्यांना अक्का म्हणतं, त्यांना कानडीतून कुणीतरी धाकटी बहीण म्हणताना मी पहिल्यांदा ऐकलं. "गुडघं बरं झालं व्हय?"

"गुडघ्याला काय झालंतं?" अक्का म्हणाल्या. "लघवी दम धरत न्हवती. मोटारीत बसाय भ्यायचो."

अण्णा हळूच खाली बसले.

"आधी सांगायचं न्हाय व्हय ग? मलाबी तेच हाय की."

"तुला रानात काम हुतं न्हवं?"

"रानात माणूस कुठंबी बसतंय," अण्णा म्हणाले. "मोटारीत कुठं बसणार?"

आठ वर्षं. दोघांनी एकमेकांना मोठ्या अक्षरात कारणं सांगितली होती, गुडघे आणि रान. अक्का अण्णांचा हात धरून बसल्या. मग पदरानं नाक पुसून म्हणाल्या, "उद्या गडहिंग्लजला डॉक्टरकडं जायचं. न्हाय म्हणायचं न्हाय. आणि पुढल्या महिन्यात कोल्हापूर."

"बघू."

"बघू न्हाय. मोटार मी थांबीवतो."

तेवढ्यात अण्णांचं माझ्याकडं लक्ष गेलं. मी पिशवी घेऊन उन्हात उभा होतो, उरलेसुरले केस वाऱ्यावर.

"हा कोण?"

मी मनात उत्तर तयार ठेवलं होतं: भाडेकरू. फार तर, गाढव.

अक्कांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. भिंग न लावता.

"ह्यो व्हय?" त्या म्हणाल्या. "ह्यो बारीक अक्षरं छापतोय. त्याला पाणी द्या."